काकांना वाचून दाखवलेली भुतं

कुमारांसाठी लिहिलेली भुताखेतांची पुस्तकं मी जितकी वाचली, तितकी ती आवडणाऱ्यांनीही वाचली नसतील. त्यातलं एकही मी स्वतःच्या इच्छेनं उघडलं नव्हतं.

लढाई संपत आली होती. मी साताऱ्याला शाळेत होते, पंधरा-सोळा वर्षांची. वडील कचेरीत कारकून. आमचं मूळ गाव उंब्रजजवळ. तिथं ऊस, गुऱ्हाळ आणि बहुतेक घरांतून एखादा माणूस पलटणीत. आमच्या घरातून माझे धाकटे काका गेले होते. इटलीत कुठल्याशा नदीपाशी त्यांच्यासमोर तोफेचा गोळा फुटला. बरोबरची दोन माणसं जागीच गेली. काका वाचले, पण डोळ्यांत लोखंडाचे बारीक कण घुसले. तिकडच्या आणि मग पुण्याच्या लष्करी दवाखान्यात कित्येक महिने काढून ते आमच्याकडे आले, तेव्हा दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. ती सोडायची नाही, उजेड लागू द्यायचा नाही आणि माणूस स्वस्थ राहिला पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

पट्टीचं सोपं होतं. स्वस्थ राहणं काकांना जमत नव्हतं. पुढच्या खोलीतल्या बाजेवर बसून ते दिवसभर बाजेची सुतळी चाचपत. बाहेर भांडं पडलं तरी त्यांचे खांदे वर यायचे, आणि मग आपण दचकलो हे कुणी पाहिलं का, याचा कानोसा घेत ते गप्प बसायचे. आईनं मला सांगितलं, "साळंतनं आलीस की भावजींना कायतरी वाचून दावत जा."

मी वर्तमानपत्र वाचायला लागले. दोन-चार दिवस त्यांनी ऐकलं. मग म्हणाले, "बास कर, पोरी. हे लिवणारा तिथं नव्हता." मग आईच्या सांगण्यावरून पोथी. ती ते हात जोडून ऐकत आणि जोडलेल्या हातांनीच झोपी जात.

अशा वेळी शेजारच्या वकिलांची मुलगी मदतीला आली. ती माझ्याच वर्गातली. अंगानं थोराड आणि मनानं भित्री. दर महिन्याला पुण्याहून कुमारांसाठी एक भयकथा निघे आणि ती टपालानं तिच्याकडे येई. लढाईमुळे शाळेच्या पुस्तकांना कागद मिळत नव्हता. आमचं भूगोलाचं पुस्तक चौघींत एक होतं. भुतांना मात्र दर महिन्याला कागद मिळत होता, तोही रंगीत मुखपृष्ठासकट. तिनं तिचा सगळा गठ्ठा मला आणून दिला. म्हणाली, "हे वाच. काका उठून बसतील बघ."

काका उठून बसले, हे मला कबूल करायला हवं. पण पुस्तकं कशी होती तेही सांगायला हवं.

मुखपृष्ठावर कवटी, नाहीतर केस मोकळे सोडलेली बाई, नाहीतर दोन्ही. आत तीन मित्र. एक हुशार, एक शूर, एक जाडा. जाड्यानं खायचं आणि भ्यायचं. तिघांनाही आईबाप असत, पण पहिल्या पानावर "जपून जा हं" म्हणून ते जे नाहीसे होत ते शेवटच्या पानावर पेढे वाटायलाच उगवत. सुटी लागली की कुणाच्या तरी मामाचा बंगला. बंगल्यात एक म्हातारा माळी, जो "त्या खोलीत जाऊ नका" एवढंच बोलण्याचा पगार घेई. मग ती मुलं त्या खोलीत जात, दार करकरे, कंदील विझे आणि भूत येऊन बोलायला लागे. भूत बोलायला लागलं की थांबत नसे. "हे कुमारा, माझा आत्मा कित्येक वर्षे तळमळत आहे" अशी सुरुवात करून ते आपली सगळी हकीकत व्याकरणशुद्ध भाषेत सांगे. गोरा साहेब मरून भूत झाला तरी त्याच्या तोंडी संस्कृत शब्द. आणि त्या आत्म्याची जी काही इच्छा राहिलेली असे, ती बहुतेक वेळा एक कार्ड टाकून पुरी झाली असती.

हे मी वाचत असे आणि वाचता वाचता बोलत असे. पहिल्यांदा बोलले ते एका महाबळेश्वरच्या गोष्टीत. तिथले तीन मित्र आषाढात, टिपूर चांदण्यात, बंगल्याच्या बागेत फिरत होते. माझं आजोळ त्या घाटाखालचं. पावसाळ्यात महाबळेश्वरी घरांना बाहेरून गवताच्या ताट्या बांधतात, आत भरदिवसा दिवा लावावा लागतो आणि अंथरुणाला बुरशी येते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

मी पुस्तक खाली ठेवलं. "काका, आषाढात चांदणं."

"कुठं?"

"महाबळेश्वराला."

काका हसले. साताऱ्याला आल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. "आसंल," ते म्हणाले. "भुतानं ढग बाजूला केलं आसतील. वाच पुढं."

तेव्हापासून आमची ती रीतच झाली. शाळा सुटली की दिवे लागेपर्यंत मी वाचायची, मध्ये थांबून लेखकाची सालं काढायची आणि काकांनी म्हणायचं, "वाच पुढं." वकिलांची मुलगीही येऊन बसायला लागली. ते सगळं तिनं आधी वाचलेलं असायचं, तरी दार करकरलं की ती माझा दंड धरायची. मला तिची कीव यायची. त्या दिवसांत आमच्या भागात खऱ्या भीतीची वाण नव्हती. गावाकडं भूमिगतांच्या शोधात पहाटे पोलिसांची गाडी यायची. घरात बाप्या माणूस सापडला नाही तर बायकांना चावडीवर नेऊन बसवायचे. कोण कुणाची चुगली करील याचा नेम नव्हता. आमच्या एका चुलत्यांना मारून मारून त्यांचा हात कायमचा वाकडा केला होता. त्यांना पाहायला वकिलांची मुलगी माझ्याबरोबर दवाखान्यात आली होती आणि परतताना वाटेत तिनं भेळ खाल्ली होती. तीच मुलगी छापील दार करकरलं की घामाघूम व्हायची.

आमच्या गावालाही भुतं होती. ओढ्याकाठच्या पिंपळावर एक मुंजा असतो, असं सगळे सांगत. पण तो कधी कुणाशी इच्छाबिच्छा बोलल्याचं ऐकलं नाही. आमची आत्या त्याच्याखालून भाकरी घेऊन रानात जायची. मी एकदा तिला विचारलं, भ्या वाटत न्हाई का. ती म्हणाली, "बसतंय तितं. बसू दे. आपुन आपल्या वाटंनं जावं." मला ते भूत पटायचं. त्याच्यात काहीतरी अब्रू होती.

हे सगळं मी काकांना इतक्या वेळा ऐकवलं की ते एक दिवस म्हणाले, "मग तूच लिव की. येवढं कळतंय तर."

मी लिहिली. वहीची पानं भरून पिंपळावरच्या मुंजाची गोष्ट लिहिली. त्यात करकरणारं दार नव्हतं, कवटी नव्हती, भूत एक अवाक्षर बोलत नव्हतं. फक्त एक बाई रोज त्या झाडाखालून जाते आणि एक दिवस जाईनाशी होते. लिहून झाल्यावर मला वाटलं, मराठीत असं काही आजवर झालेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी ती काकांना वाचून दाखवली. एकदाही न थांबता. मान वर केली तेव्हा काका झोपले होते. हात जोडले नव्हते, एवढाच काय तो फरक.

जागे झाल्यावर म्हणाले, "ती वकिलाची आली न्हाई का आज? त्ये राहिल्यालं भूत बगू या की काय म्हनतंय."

मी चार दिवस वाचलं नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. पाचव्या दिवशी आईनं मला ओढून त्यांच्यासमोर बसवलं.

त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला साताऱ्याच्या वाचनालयानं या पुस्तकांच्या लेखकालाच पुण्याहून व्याख्यानाला बोलावलं. वकिलांच्या मुलीला ताप यायचा बाकी होता. काका म्हणाले, "मला ने." आई नको म्हणत होती. पट्टी बांधलेला माणूस गर्दीत कसा न्यायचा. पण काकांनी स्वतः चाचपडत पटका बांधला, मग तिचा इलाज चालला नाही. मी त्यांचा हात धरून पेठेतून घेऊन गेले. जाताना मी मनात प्रश्न घोटत होते.

लेखक म्हणजे मफलर गुंडाळलेला, सर्दी झालेला, किरकोळ माणूस निघाला. एवढ्या उन्हाळ्यात मफलर. कोटाच्या खिशात दोन रुमाल होते आणि ते तो आलटून पालटून वापरत होता. कुमारांच्या मनातली भीती समूळ काढून टाकण्यासाठी आपण लिहितो, असं त्यानं सांगितलं. कुमार तोंडं उघडी टाकून ऐकत होते. "आमचे कुमार उद्या देशाचे निर्भय सैनिक होतील," असं तो म्हणाला, तेव्हा टाळ्या पडल्या. काकांनी नाही वाजवल्या.

प्रश्न विचारा म्हटल्यावर मी उभी राहिले. त्या सभेत मुली थोड्याच होत्या आणि उभी राहिलेली मी एकटीच. मी विचारलं, "आषाढात महाबळेश्वरला चांदणं आपण कुठून आणलंत?"

सभा हसली. लेखकानं नाक पुसलं. "मुली," तो म्हणाला, "तो चंद्र कल्पनेतला आहे."

त्यालाही टाळ्या पडल्या. मी खाली बसले. आपल्या चुकीला कल्पना म्हणणाऱ्या माणसाबद्दल तेव्हा माझं जे मत झालं, ते अजून बदललेलं नाही. पुढं आयुष्यात मला तसे पुष्कळ भेटले.

मग काका उभे राहिले. पट्टी पाहून लोक गप्प झाले. "मी पलटणीतला मानूस हाय," ते म्हणाले. "तुमची पुस्तकं माजी पुतनी मला वाचून दावती. त्यात मेल्याली मानसं लय बोलत्यात. म्हनून इचारतो. मेल्यालं मानूस तुमी बगितलंय का?"

लेखकानं खिशातून दुसरा रुमाल काढला. वाचनालयाच्या चिटणिसांनी घाईनं आभार मानले, हारतुरे झाले, सभा उठली.

आम्ही ओसरीवर गर्दी सरायची वाट बघत उभे होतो, तेव्हा लेखक चहाचा कप तसाच हातात घेऊन आमच्याकडे आला. काकांसमोर उभा राहिला आणि काकांना दिसत नाही हे लक्षात येऊन त्यानं त्यांच्या हाताला हात लावला.

"मघाशी उत्तर दिलं नाही," तो म्हणाला. "मी मेलेलं माणूस पाहिलेलं नाही. लहान होतो तेव्हा गावात प्लेग आला. मला मावशीकडे पाठवून दिलं. परत न्यायला कुणी आलंच नाही. आई, वडील, बहिणी. मला हे फार उशिरा सांगितलं."

काकांनी मान त्याच्या आवाजाकडे वळवली. मग म्हणाले, "म्हंजे तुमाला वाटत आसंल, हायती अजून."

"वाटायचं. मावशीच्या परसात जाऊन हाका मारायचो."

"आन् मग?"

"मग मोठा झालो. लिहायला लागलो."

काकांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. ते तसेच बराच वेळ उभे होते, दोन पुरुष, एकाच्या हातात थंड झालेला चहा. माझ्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

घरी परतताना मी चिडले होते. "काका, येवढं ठावं हाय त्या मानसाला. परसात जाऊन हाका मारल्यात त्यानं. मग त्ये का लिवत न्हाई? कवट्या कशाला लिवतोय?"

"कोन वाचंल त्ये?"

"मी वाचीन."

"तू वाचशील. मी न्हाई आयकायचो."

काही पावलं गेल्यावर ते पुन्हा बोलले. माझ्याशी बोलत होते की स्वतःशी, मला कळलं नाही. "मला जे भ्या वाटतं त्ये मिटत न्हाई, पोरी. डोळं बांदल्यालं हायती तरी दिसतं. त्ये दोगं दिसत्यात. ह्या पुस्तकातलं भ्या कसं, तू पुस्तक मिटलंस की मिटतं. म्हनून बरं वाटतं. तुला न्हाई कळायचं."

मला कळलं होतं. पंधरा-सोळाव्या वर्षी माणूस मठ्ठ नसतो. पण एखाद्या भल्या माणसाला गरज पडली म्हणून वाईट पुस्तक चांगलं ठरत नाही. औषध म्हणून काढा प्यावा लागतो, पण कुणी पंगतीत काढा वाढला तर त्याला आपण स्वयंपाकी म्हणत नाही. लेखकाबद्दल तर माझा राग त्या दिवसापासून दुप्पट झाला. आधी मला वाटत होतं, याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही. आता कळलं होतं की आहे, आणि हा ते पलंगपोसाखाली झाकून ठेवून आम्हाला करकरणारी दारं विकतो. नसलेल्याला मी माफ केलं असतं.

पावसाळ्याच्या आधी पट्टी सुटली. उजवा डोळा गेला होता. डाव्यानं माणूस ओळखू येई, वाट दिसे, उसातलं तण दिसे. अक्षरं मात्र मुंग्यांसारखी पळत. काका गावी गेले आणि शेतीला लागले. पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं. मुलगी कुंडलची, मराठी चौथी झालेली. ज्याला अक्षर दिसत नाही त्याला शिकलेली बायको मिळाली म्हणून भावकीतल्यांनी थट्टा केली. मीही त्यात होते.

त्यानंतर मी मॅट्रिक झाले आणि वडिलांनी मला सांगलीच्या कॉलेजात घातलं. आईचा विरोध होता. तिच्या मते मी आधीच गरजेपेक्षा जास्त वाचलं होतं. आमचा गूळ सांगलीच्या एका जैन अडत्याकडे जाई. घरंदाज माणसं. त्यांच्या माडीवर मला एक खोली मिळाली. खाली अडत, वर घर. दिवसभर हळदीचा वास. त्या घरातल्या मुलींकडेही दर महिन्याला पुण्याहून ते भूत येत असे. मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की माझ्यासमोर ते उघडायचं नाही. त्या मला घाबरून असत. माझ्या मते ते योग्यच होतं.

गुळाच्या हंगामात काका ढेपांच्या मोटारीबरोबर आले. मी कॉलेजातून परतले तर ओट्यावर पोत्याला टेकून बसलेले. चेहरा भरला होता. खांदे खाली होते. एका ढेपेवरून हमालांची वादावादी चालली होती, तिकडं त्यांचं लक्षही नव्हतं. मी पाया पडले. खुशाली झाली. मग त्यांनी कोटातून एक नवं कोरं पुस्तक काढलं. मुखपृष्ठावर किल्ला, वर वीज आणि कवटी.

"कराडला मोटार थांबली तवा घेतलं," ते म्हणाले. "दुकानदार म्हनला, ह्यात सातारा हाय. वाच की जरा."

अडत्यांच्या ओट्यावर, हमालांच्या देखत, अडत्यांच्या दोन्ही मुली दाराआडून बघत असताना मी ते उघडलं. पहिल्याच पानावर साताऱ्यात एक सैनिक लढाईवरून परत येत होता. डोळ्यांवर पट्टी. त्याच्या हाताला धरून चालणारी पुतणी. मी थांबले.

"का गं?"

"काका, ह्ये तुमी हाय."

"मी?"

"त्यानं तुमाला घातलंय. आयका." मी वाचलं. "'हे कन्यके, रणांगणावर मी माझे नेत्र गमावले, परंतु माझे धैर्य अभंग आहे.'"

काकांचा डावा डोळा बारीक झाला. "आसं बोलतो व्हय मी?"

मी पुढची पानं चाळली. "दुसऱ्या प्रकरनात मरताय तुमी."

"कशानं?"

मी पुन्हा पाहिलं. "वीज पडून. किल्ल्यावर."

"आंधळा मानूस किल्ल्यावर कशाला गेलता?"

"त्ये लिवलं न्हाई."

"आन् मरून?"

"मरून भूत. मग लय बोलताय."

काका हसायला लागले. पाठ टेकून, पोट धरून हसले. हमाल वादावादी थांबवून बघायला लागले. "बरं झालं," ते म्हणाले. "आसं वरच्या वर मेलो ते बरं झालं. आन् तू हायस का गं म्होरं?"

मी होते. लेखकानं माझे केस लांब केले होते, रंग उजळला होता आणि पानोपानी मला रडवलं होतं. सभेत उभी राहून प्रश्न विचारणारी मुलगी त्याला आठवली नव्हती, किंवा फार चांगली आठवली होती. मी सांगितलं, "हाय. रडती."

काका पुन्हा हसले. मी पुस्तक मिटलं. म्हटलं, ओसरीवर तुमचा हात धरून जे बोलला, त्यातलं एक अक्षर यात नाही. तुमचं खरं घ्यायचं आणि त्याची कवटी करायची, ही लाज सोडलेल्या माणसाची कामं आहेत. आणखीही बरंच बोलले. रागाच्या भरात मी कॉलेजातल्या भाषेवर गेले होते.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या हातातून पुस्तक घेतलं, कोटात घातलं.

"हितं नगं. ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "घरी ती वाचंल."

ती म्हणजे काकू. मी विचारलं, "काकूला वाचता येतं का नीट?"

"आडखळती. पर वाचती. सांजच्याला भाकरी झाल्या की बसती चुलीम्होरं." ते उठले आणि गुळाच्या वजनाकडे निघाले. जाता जाता म्हणाले, "तुज्यागत मदी मदी बोलत न्हाई."

मी जिना चढून खोलीत आले आणि अभ्यासाला बसले. चिडले होते. कुणावर, ते नीट ठरवता येईना. शेवटी लेखकावरच ठरवलं.